डाएट सोडायचं ठरवलंय, पण भात खाल्ला की अपराधी वाटतं आणि रात्री खाणं आवरत नाही. सुरुवात कुठून करू?

भातापासूनच करा. दुपारच्या जेवणात रीतसर वाढून घ्या: गरम वरण-भात, वर तूप, लिंबाची फोड, बाजूला कोशिंबीर. बसून, चवीने खा.

रात्री खाणं आवरत नाही याला मनाचा दुबळेपणा समजू नका. 1944-45 मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज या शास्त्रज्ञांनी एका प्रयोगासाठी 36 निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. दिवसाला साधारण 1,600 कॅलरी. आपल्याकडे सर्रास फिरणाऱ्या 1,200 कॅलरींच्या तक्त्यांपेक्षा हे जास्तच आहे! तरीही त्यांना दिवसरात्र अन्नच दिसायला लागलं. काही जण पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले आणि नंतर पोटभर मिळू लागल्यावरही कित्येकांची भूक भागेना. उपाशी शरीर असंच वागतं, त्यात तुमचा काही दोष नाही.

म्हणून वेळेवर जेवा. दुपारी एकला जेवून थेट रात्री नऊला ताटावर बसलं तर कोणीही तुटून पडेल, तेव्हा संध्याकाळी मूठभर दाणे-फुटाणे तरी खाच. वजनकाटा माळ्यावर टाका. सुरुवातीला थोडं जास्त खाल्लं जाईल, घाबरू नका. बंदी उठलीय हे शरीराला पटायला वेळ लागतो.

मधुमेह असेल तर मात्र हे बदल डॉक्टरांशी बोलून करा. आणि खाऊन मुद्दाम उलटी काढत असाल, तर कृपया आजच मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्या.