कोइंब्राला कुणाच्या घरी राहशील तर

बाय, पोर्तुगीज शिकायला वर्षभर पोर्तुगालातल्या कोइंब्राला निघालीस आणि विचारतेस, होस्टेल बरं की तिथल्या एखाद्या कुटुंबात राहणं? कुटुंबातच राहा. पण त्यानं माझं काय झालं ते ऐकून जा.

व्हिसाची यादी तुझ्याकडे असेलच. नावांची स्पेलिंगं मात्र आत्ताच जुळवून घे. माझ्या आजोबांच्या पोर्तुगीज अमदानीतल्या जन्मदाखल्यात नाईक ‘क्यू’ घालून लिहिलंय, माझ्या पासपोर्टवर ‘के’. पुढे पोर्तुगीज नागरिकत्वाच्या कागदांच्या वेळी त्या एका अक्षरापायी फोंडा-पणजी करून चपला झिजल्या. तो कारकून आठवला की अजून डोकं तापतं.

पणजीच्या क्लासात शिकलेलं पोर्तुगीज कोइंब्रातल्या पहिल्याच जेवणात संपलं. तिथली माणसं स्वर गिळून बोलतात, अर्धा शब्द तोंडातच राहतो. मग मी मान डोलवायची, हसायची, ‘ओब्रिगादा’, म्हणजे ‘आभारी आहे’, म्हणायची. घरची बाई मायाळू. चुका सुधारायची, सूप वाढायची. सोमवारी मासे का नकोत हे सांगण्याएवढी भाषा नव्हती, म्हणून डॉक्टरांनी बंद केलेत असं ठोकून दिलं. झालं, दर सोमवारी माझ्या पोटाची चौकशी! त्या घरात मी अबोल, सोशीक, नाजूक प्रकृतीची बाई ठरले. हे ऐकून तुझी आई हसून हसून लोळली होती.

एकटेपण येतं, जातं. हिवाळ्यात घरातली थंडी त्याहून छळते; बऱ्याच घरांत हीटिंग नसतं. लोकरीचे मोजे ने.

सल आहे तो वेगळाच. नंतर संसार तिकडे हलवला तेव्हा भाषा येत नाही म्हणून शाळेनं मुलाला एक इयत्ता खाली बसवलं. गणितात तो पुढेच होता. फोंड्यात हेडमास्तरांशी कडाकडा भांडणारी मी, तिथे खुर्चीच्या टोकाला बसून सगळं ऐकलं आणि आभार मानून उठले. शब्द होते गो, तोवर भाषा बरी येत होती. पण त्या भाषेत मी कधी कुणाला नाही म्हटलंच नव्हतं. आता मुलगा पोर्तुगीजमधून माझ्याशीच वाद घालतो आणि मी मराठीत उत्तरं देते.

तेव्हा क्रियापदं नंतर पाठ कर. काल्दु व्हेर्दच्या हिरव्या सुपात चोरीसचा, म्हणजे डुकराच्या सॉसेजचा, तुकडा दिसला आणि नको असला, तर पहिल्याच रात्री नको म्हण. बाई वाईट वाटून घेईल, का म्हणून विचारेल. मग येईल तशा मोडक्यातोडक्या भाषेत हुज्जत घाल, सूप थंड झालं तरी चालेल.