वाचकांचे प्रश्न : स्पिंडल थांबवताना ट्रिप

प्रश्न : आमच्या सीएनसी लेथचा स्पिंडल ड्राइव्ह (जॉब फिरवणाऱ्या मोटरचा वेग सांभाळणारं युनिट) डीसी ओव्हरव्होल्टेजचा अलार्म देऊन ट्रिप होतो. सकाळी तास-दीड तास मशिन नीट चालतं, मग कटकट सुरू. रीसेट केलं की पुन्हा चालतं. तिन्ही फेजला ४१५ व्होल्ट मिळतात, फ्यूज आणि कॉन्टॅक्टर बदलून झाले. १२०० आरपीएमच्या जॉबला त्रास नाही, ३००० च्या जॉबला हमखास. सर्व्हिसवाले म्हणतात, ड्राइव्ह गेला. बदलावा का?

उत्तर : एवढ्यात नको. तुम्ही बाकी सगळं लिहिलंत, पण मी सगळ्यात आधी जे विचारतो तेच राहिलं. अलार्म नेमका कधी येतो? स्पिंडल वेग घेताना, जॉब कापताना, की एम-०५ (स्पिंडल थांबवायची कमांड) लागल्यावर? माझी खात्री आहे की थांबताना येत असणार. ऑपरेटरच्या शेजारी अर्धा तास उभं राहून एकदा बघा.

थांबायची कमांड मिळाली तरी फिरणारं जड चक (जॉब पकडणारा भाग) लगेच थांबत नाही. तेच मोटरला फिरवू लागतं, मोटरचा जनरेटर होतो आणि वीज उलटी ड्राइव्हच्या डीसी बसमध्ये (आतल्या डीसी व्होल्टेजच्या भागात) येते. ४१५ व्होल्ट सप्लायवर ही बस एरवी ५८५ च्या आसपास असते. ब्रेकिंगच्या वेळी ती चढते, आणि ८०० च्या आसपास गेली की ड्राइव्ह स्वतःला वाचवायला ट्रिप होतो. ही जादा वीज जाळायला ब्रेकिंग रेझिस्टन्स असतो, तो काम करत नसेल तर ती बसमध्येच साचते. वेग अडीचपट झाला की चकातली ऊर्जा सव्वासहा पट होते, म्हणून १२०० ला निभावतं आणि ३००० ला नाही. (तुमच्या पॅनलवर रेझिस्टन्सच नसेल, तर तुमचा ड्राइव्ह बहुधा ती वीज सप्लायला परत देणारा आहे. मग तपास येणाऱ्या लाइनपासून सुरू करा, पुढचं वाचू नका.)

आधी बिनखर्चाची चाचणी. थांबण्याच्या वेळेचा पॅरामीटर आहे तो लिहून ठेवा आणि तिप्पट करा. अलार्म गेला, तर खोट ब्रेकिंगमध्ये आहे. मात्र हा इलाज समजून तसंच चालवत राहू नका.

आता तुमचा ‘तास-दीड तास’. हा प्रकार मला चांगलाच महागात पडला आहे. मी रेझिस्टन्स सकाळी, थंड असताना मोजला. मीटरवर २० ओहम, म्हणजे ठणठणीत. मग साहेबांना ड्राइव्ह मागवायला लावला, बसवला, आणि दुसऱ्याच तासाला तोच अलार्म नव्या डिस्प्लेवर! तेव्हा कुठे गरम असतानाच मोजायची बुद्धी झाली. मीटर ओपन, म्हणजे जोडणी तुटलेली. स्क्रूड्रायव्हरने लगला (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या तुकड्याला) जरासं ढकललं की २० ओहम, सोडलं की ओपन. वायरीवर लग नीट प्रेस झालेला नव्हता, आत तार काळी पडली होती. धातू तापला की तिथलाच संपर्क तुटत होता. दोन मिनिटांचं काम, आणि मी साहेबांसमोर पंधरा दिवस मान खाली घालून.

तेव्हा मोजायचा तो अलार्म आल्यावर, रेझिस्टन्स गरम असताना. पण मेन स्विच बंद करून किमान दहा मिनिटं थांबा आणि डीसी बसवर मीटर लावून व्होल्टेज उतरल्याची खात्री करा. चार्जचा दिवा विझला यावर भिस्त ठेवू नका, दिवाच उडालेला असू शकतो. रेझिस्टन्सची एक वायर सोडवून मग मोजा. बदलायची वेळ आली तर ओहम आणि वॅट तेच घ्या. कमी ओहमचा लावलात तर ड्राइव्हमधला ब्रेकिंग ट्रान्झिस्टर (रेझिस्टन्सकडे वीज सोडणारा स्विच) जाईल.

रेझिस्टन्स आणि त्याच्या वायरी गरम असतानाही बरोबर निघाल्या, तर संशय त्या ट्रान्झिस्टरवर. मग सर्व्हिसवाल्यांचं म्हणणं मान्य.

प्रश्न : सुट्टीनंतर मशिन सुरू केलं की स्पिंडल ड्राइव्हवर ग्राउंड फॉल्ट (वीज अर्थकडे गळत असल्याचा अलार्म) येतो. खटपट करून एकदा चालू झालं की दुपारनंतर येत नाही. ड्राइव्हच्या टर्मिनलवरच मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) लावला तर चालेल का?

उत्तर : अजिबात नाही. मेगरच्या ५०० व्होल्टनी चांगला ड्राइव्ह मारल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत. मोटरकडे जाणाऱ्या यू, व्ही, डब्ल्यू तिन्ही वायरी ड्राइव्हकडून सोडवा आणि त्यांच्यावर अर्थच्या संदर्भात मेगर लावा. हे सुट्टीनंतर, मशिन सुरू करण्याआधी करा. मोटर तापली की ओल सुकते आणि रीडिंग चांगलं दिसतं, तुमचा फॉल्ट दुपारी पळतो तो त्यामुळेच. एक मेगओहमच्या खाली असेल तर ‘एकदा चालू करून तर बघू’ हे बंद करा.

रीडिंग कमी आलं तर मोटरकडूनही वायरी सोडवून केबल वेगळी, मोटर वेगळी मोजा. बहुतेक वेळा वाइंडिंग शाबूत असतं आणि मोटरच्या टर्मिनल बॉक्समध्ये कूलंटचा चिकट पिवळट थर सापडतो. तो पुसा, बॉक्स वाळवा, पण केबल ग्लँड आणि झाकणाचं गॅस्केटही बदला, नाहीतर पुढच्या सुट्टीनंतर पुन्हा तेच.