नागपूरच्या गच्चीवरून ८ इंची दुर्बिणीने गॅमा किरण स्फोटाचा आफ्टरग्लो सापडेल का?

तुम्ही विचारलंय की मनीषनगरच्या गच्चीवर ८ इंची दुर्बीण आणि कॅमेरा आहे, त्यातून गॅमा किरण स्फोटानंतर (दूरच्या दीर्घिकेतून येणारा गॅमा किरणांचा अल्पकाळाचा प्रचंड झोत) मागे उरणारा उजेड, म्हणजे आफ्टरग्लो, टिपता येईल का. येईल. पण दुर्बिणीपेक्षा खरी परीक्षा तुमच्या झोपेची आहे.

गॅमा किरण आपलं वातावरण अडवतं, त्यामुळे स्फोट उपग्रहच पकडतात. जमिनीवरून शोधायचा तो नंतरचा, दर तासाला विझत जाणारा ठिपका. असा पहिला ठिपका १९९७ च्या फेब्रुवारीत सापडला. हा उजेड साधारण वेळेच्या व्यस्त प्रमाणात उतरतो. दहाव्या मिनिटाला १६ व्या प्रतीचा असेल (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा मोठा तितका ठिपका मंद), तर शंभराव्या मिनिटाला १८.५ चा. माझी दुर्बीणही ८ इंचीच. शहरातून फोटो एकावर एक रचूनही मी १६ च्या पुढे क्वचितच जातो, रामटेकच्या पुढे गेलं तर १८ च्या जवळपास. म्हणजे सामान बांधून गाडी काढेपर्यंत बहुतेक खेळ संपलेला असतो.

२९ मार्च २००३ मात्र मला अजून टोचतो. त्या दिवशीचा स्फोट, जीआरबी ०३०३२९, आपल्याकडे संध्याकाळचे पाच वाजून गेल्यावर झाला आणि हेटे-२ उपग्रहाने दिलेली जागा दिवेलागणीच्या सुमारास जाहीर झाली. जागा सिंह राशीत, क्रांती, म्हणजे आकाशातले अक्षांश, साडेएकवीस अंश उत्तर. नागपूरचे अक्षांश एकवीस! रात्री साडेदहाच्या सुमारास अगदी डोक्यावर. पहिल्या दोनेक तासांत तो तेराव्या प्रतीच्या आसपास होता, म्हणजे दोन अब्ज प्रकाशवर्षांवरून आलेला उजेड तुमच्यासारख्या दुर्बिणीत नुसत्या डोळ्यांनी दिसला असता. मी त्या रात्री गच्चीवरच होतो, गुरू बघत. बातमी चार दिवसांनी कळली. (१९ मार्च २००८ चा स्फोट तर काही सेकंद दुर्बिणीशिवाय दिसेल इतका तेजस्वी होता, पण नागपुरात तेव्हा सकाळचे पावणेबारा वाजले होते. त्याची हळहळ नाही.)

आता सूचना फोनवर येतात. स्विफ्ट उपग्रहाच्याच मागे लागा, कारण त्याची क्ष-किरण दुर्बीण जागा काही विकलांपर्यंत (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) सांगते. नुसत्या फर्मी उपग्रहाच्या सूचनेवर धावू नका, तिची चूक कित्येक अंशांची असू शकते. तेवढं आकाश चाळायला लडाखमधल्या हानलेच्या ग्रोथ-इंडियासारखी रुंद नजरेची स्वयंचलित दुर्बीण लागते.

फोटो काढलात की त्याच भागाचा आकाश-सर्वेक्षणातला जुना फोटो शेजारी ठेवा. जुन्यात नाही आणि तुमच्यात आहे असा ठिपका दिसला तरी लगेच पेढे वाटू नका. मी वाटले होते. एका हिवाळ्यात उमरेड रस्त्यावर कुडकुडत काढलेल्या फोटोत नवा ठिपका मिळाला, पहाटे चार मित्रांना उठवलं. दुसऱ्या दिवशी अर्ध्या तासाच्या अंतराने काढलेले दोन फोटो जुळवले तर ठिपका सरकलेला. लघुग्रह! आफ्टरग्लो जागचा हलत नाही, फक्त मंदावतो. म्हणून एक संच काढून घरी पळू नका, तासाभराने दुसरा काढा, आणि लघुग्रहांची यादी फोटो काढायच्या आधीच उघडून ठेवा.