मेंदूने चालणाऱ्या हाताची वाट बघत थांबू नका

तुम्ही लिहिलंय की पॉवर प्रेसमध्ये धाकट्या भावाचा उजवा हात कोपराखाली गेला, त्याला चार महिने झाले. विचारांनी चालणाऱ्या हाताचा व्हिडिओ पाहिल्यापासून तो साध्या कृत्रिम हाताचं नावच काढू देत नाही. डोक्याला पट्टा लावून चालणारा हात घ्यावा, की अजून काही वर्षं थांबावं, असा तुमचा प्रश्न आहे.

थांबू नका. माझाही उजवा हात कोपराखालीच गेलाय. चौदा वर्षं मायोइलेक्ट्रिक, म्हणजे स्नायूंच्या विजेवर इशारा घेणारा कृत्रिम हात वापरतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

व्हिडिओत दिसतं ते खोटं नाही. २०१२ साली पिट्सबर्ग विद्यापीठात जॅन श्युअरमन या बाईंनी रोबोटिक हाताने स्वतःच्या तोंडापर्यंत चॉकलेट नेलं. हालचालींचा ताबा असलेल्या मेंदूच्या भागात डाळीच्या दाण्याएवढ्या दोन चकत्या बसवल्या होत्या, प्रत्येकीवर ९६ बारीक सुया. कवटीवरच्या जोडणीला केबल लावून हा हात प्रयोगशाळेत चालायचा. पण त्या बाईंचे स्वतःचे दोन्ही हात जागच्या जागी होते! मेंदूने सोडलेला निरोप आजारामुळे हातापर्यंत पोचत नव्हता, म्हणून तो थेट मेंदूतूनच उचलावा लागला.

तुमच्या भावाचं तसं नाही. त्याची वाट शाबूत आहे, फक्त शेवटचा टप्पा गेलाय. आज रात्रीच करून बघा. त्याच्या उरलेल्या हातावर, कोपराच्या जरा खाली बाहेरच्या अंगाला, तुमची दोन बोटं ठेवा. त्याला डोळे मिटायला सांगा आणि म्हणा, 'नसलेलं मनगट वर उचल.' कातडीखाली काहीतरी ताठ होतं का बघा. मग मनगट आत वळवायला सांगा, तेव्हा आतल्या अंगाला चाचपा. हालचाल लागली, तर तो मेंदूचाच निरोप आहे. स्नायू आकसताना जी बारीकशी वीज तयार होते, तीच सॉकेटमधले (उरलेल्या हातावर चढणाऱ्या कृत्रिम हाताच्या खोबणीतले) इलेक्ट्रोड, म्हणजे धातूचे छोटे टिपक, कातडीवरून टिपतात आणि हात उघडतो-मिटतो. म्हणजे हाही मेंदूनेच चालणारा हात झाला, फक्त कवटी उघडावी लागत नाही.

डोक्याच्या पट्ट्याचं म्हणाल, तर कवटीबाहेरून मेंदू ऐकणं म्हणजे भिंतीपलीकडून लग्नाचा मांडव ऐकणं. बँड सुरू झाला हे कळतं, कोण काय बोललं ते नाही. त्यात डोळ्यांची उघडझाप झाली, दात आवळले, तरी गोंधळ होतो. रोज चहाचा कप उचलायचा तर माझा त्यावर भरवसा नाही.

शिकागोचे डॉ. टॉड कुइकेन यांच्याकडे आलेल्या जेसी सुलिवन यांचे दोन्ही हात खांद्यापासून गेले होते. तिथेही मेंदूत काही बसवलं नाही. हाताच्या तुटलेल्या नसा छातीच्या स्नायूंना जोडल्या आणि निरोप तिथून घेतला.

आता कमतरता. माझ्या हाताला स्पर्श नाही, कप धरला की डोळे त्याच्यावरच ठेवावे लागतात. याचं मोल किती, ते पिट्सबर्गलाच, अपघातात हातपाय लुळे पडलेल्या नेथन कोपलँड यांच्यावरच्या प्रयोगात दिसलं. रोबोटिक हाताची हालचाल मेंदूतून होतच होती. बोटांचा स्पर्शही मेंदूत परत पोचवला, तेव्हा वस्तू उचलून ठेवायला लागणारा वेळ सुमारे वीस सेकंदांवरून दहावर आला. २०२१ मध्ये हे प्रसिद्ध झालं, तेव्हा मी ते दोनदा वाचलं. ते आपल्यापर्यंत यावं असं मला मनापासून वाटतं. पण त्यासाठी भावाने आत्ताची वर्षं रिकामी घालवू नयेत.

वापरात नसलेले स्नायू रोडावतात, आणि माणूस सगळं डाव्या हाताने उरकायला शिकतो. मग हात आला तरी कपाटात पडतो. माझी स्वतःची चूक म्हणजे घाई. सूज पुरती उतरायच्या आत सॉकेट बनवून घेतला, दोन महिन्यांत तो इतका सैल झाला की घामाने इलेक्ट्रोड सरकायचे आणि भर बाजारात मूठ आपोआप उघडायची. तेव्हा स्टंपला, म्हणजे उरलेल्या हाताच्या टोकाला, बँडेज नीट बांधा, घेर सकाळ-संध्याकाळ मोजून वहीत लिहा. आकडा स्थिरावला की ती वही घेऊन प्रोस्थेटिस्टकडे, म्हणजे कृत्रिम हात बसवणाऱ्या तज्ज्ञाकडे जा आणि पैशांचं बोलण्याआधी स्नायूंचे सिग्नल तपासून मागा. पडद्यावर दोन रेघा येतात. नसलेलं मनगट वर केलं की एक उसळते, आत वळवलं की दुसरी. भावाला ते स्वतःच्या डोळ्यांनी बघू द्या.