कर्जाच्या पत्रात ‘चार्ज ऑन लँड’ लिहिलंय, म्हणजे नेमकं काय?

तुमचा प्रश्न असा: औसा तालुक्यातल्या जमिनीवर पीककर्ज घेतलं, मंजुरीपत्रात ‘चार्ज ऑन लँड’ आलं आणि शब्दकोशात शुल्क, आरोप, हल्ला असे अर्थ सापडले. यातला कोणता धरायचा?

एकही नाही. इथं चार्ज म्हणजे बोजा, सातबाऱ्यावर ‘इतर अधिकार’ या रकान्यात चढतो तोच. शब्दाचं मूळ लॅटिन आहे, अर्थ गाडीत माल लादणं. कडब्यानं भरलेली बैलगाडी डोळ्यांपुढं आणा: जमिनीवर कर्ज लादलं, बंदुकीत दारू भरली, बॅटरीत वीज भरली, माणसावर आरोप ठेवला. त्यामुळं ‘बोजा’ हे भाषांतर माझ्या मते मूळ शब्दाइतकंच नेमकं आहे.

अर्थ ओळखायला शेजारचा छोटा शब्द बघा. ‘चार्ज ऑन’ म्हणजे बोजा, ‘चार्ज फॉर’ म्हणजे एखाद्या गोष्टीचे पैसे, ‘चार्ज्ड विथ’ म्हणजे आरोप (गुन्हा शाबीत झाला असं नव्हे). खरी फसगत ‘इन चार्ज ऑफ’मध्ये होते. ‘टीचर इज इन चार्ज ऑफ द चिल्ड्रन’ म्हणजे मुलं बाईंच्या ताब्यात. ‘चिल्ड्रन आर इन द चार्ज ऑफ द टीचर’ याचाही अर्थ तोच, पण मधला ‘द’ गाळला की मुलंच बाईंना सांभाळायला लागतात!

वीजबिलात चार्जला ‘आकार’ म्हणतात: स्थिर आकार, वहन आकार. त्याच बिलावरचा ‘मंजूर भार’ मात्र लोड आहे, चार्ज नव्हे.

चार्ज आणि गहाण यांतही फरक आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात गहाण कलम ५८ मध्ये आहे, चार्ज कलम १०० मध्ये. गहाणात जमिनीतला काही हक्क धनकोकडं जातो. चार्जमध्ये हक्क जात नाही, जमीन फक्त कर्जाला तारण राहते.

कर्ज फिटलं म्हणजे बोजा आपोआप उतरला, असं समजू नका. बँकेकडून बेबाकी दाखला (काही देणं उरलं नाही असा) घ्या आणि तलाठ्याकडं किंवा ई-हक्क या ऑनलाइन प्रणालीवर ‘बोजा कमी करणे’चा अर्ज करा. फेरफार, म्हणजे नोंदीतला हा बदल, मंडळ अधिकारी मंजूर करतात (आपल्याकडची जुनी माणसं त्यांना गिरदावर म्हणतात). मगच नवा सातबारा काढा आणि ‘इतर अधिकार’ नीट वाचा.