गोल्फपटू निक डनलपने आठवडाभर आधी व्यावसायिक व्हायला हवं होतं का?

नाही. पण प्रश्न रास्त आहे. जानेवारी २०२४ मध्ये डनलपने कॅलिफोर्नियातली 'अमेरिकन एक्सप्रेस' ही पीजीए टूरची (अमेरिकेतल्या मुख्य व्यावसायिक गोल्फ मालिकेची) स्पर्धा जिंकली. तो हौशी होता, म्हणून पहिल्या क्रमांकाचे १५ लाख १२ हजार डॉलर दुसऱ्या आलेल्या ख्रिस्तियान बेझायडनहाउटला गेले आणि चारच दिवसांनी डनलप पठ्ठ्याने व्यावसायिक होत असल्याचं जाहीर केलं. हातचा घास गेला असं कुणालाही वाटेल.

आठवडाभर आधी तो व्यावसायिक झाला असता, तर बहुधा त्या मैदानावर दिसलाच नसता. त्याला प्रवेश मिळाला होता तो प्रायोजकांच्या आमंत्रणावर, आणि त्या वेळी त्याची ओळख होती यूएस अमॅच्युअर या हौशी खेळाडूंच्या स्पर्धेचा २०२३ चा विजेता, अलाबामा विद्यापीठाचा वीस वर्षांचा विद्यार्थी. व्यावसायिक व्हायला कुणी अडवत नाही हो, खेळायला जागा कोण देतो हा प्रश्न असतो. पीजीए टूरचं कार्ड, म्हणजे तिथल्या स्पर्धांत खेळायचा हक्क, मिळवण्यासाठी भलेभले खेळाडू खालच्या टूरवर आणि पात्रता फेऱ्यांत वर्षानुवर्षं घासतात. डनलपला त्या एका विजयाने २०२६ अखेरपर्यंतचं कार्ड मिळालं. शिवाय मास्टर्स या गोल्फमधल्या मानाच्या स्पर्धेतली यूएस अमॅच्युअर विजेत्याची जागा व्यावसायिक झाल्यावर जाते. ती त्याला टूरवरचा विजेता म्हणून परत मिळाली. १५ लाखांच्या बदल्यात हा सौदा मला तरी स्वस्तच वाटतो.

त्याच्या आधी हौशी असताना पीजीए टूरची स्पर्धा जिंकली होती फिल मिकलसनने, १९९१ मध्ये. त्याने मात्र घाई केली नाही. ॲरिझोना स्टेट विद्यापीठातलं शिक्षण संपवून १९९२ मध्ये तो व्यावसायिक झाला. दोघांचंही बरोबरच म्हणायचं.

एक गोष्ट हल्ली बदलली आहे. २०२२ पासूनच्या नियमांनुसार हौशी खेळाडू जाहिराती आणि प्रायोजकत्वातून पैसे कमावू शकतो. स्पर्धेतल्या रोख बक्षिसाला मात्र १००० डॉलरची मर्यादा आहे. म्हणजे 'हौशी म्हणजे कफल्लक' हे समीकरण जुनं झालं.

पुढचं सगळं सोपं गेलं असं मात्र समजू नका. हौशी म्हणून जिंकलेल्या त्या स्पर्धेचे फेडेक्स कपचे (टूरच्या मोसमभराच्या क्रमवारीचे) गुण त्याला मिळाले नव्हते, तिथे शून्यापासूनच सुरुवात. मग जुलै २०२४ मध्ये त्याने बाराकुडा चॅम्पियनशिप जिंकली. त्याच आठवड्यात ब्रिटनमध्ये ओपन ही मोठी स्पर्धा सुरू असल्याने बरेच मोठे खेळाडू तिकडे होते, हे खरं. तरी एकाच मोसमात हौशी आणि व्यावसायिक अशा दोन्ही नात्यांनी पीजीए टूरवर जिंकणारा तो पहिलाच. बाराकुडाची गुणपद्धतही वेगळी: ईगलला (ठरलेल्यापेक्षा दोन फटके कमी) ५, बर्डीला (एक कमी) २, बोगीला (एक जास्त) उणे १. बिनधास्त मारणाऱ्याचं तिथे फावतं, आणि डनलप तसाच खेळतो. वर्षअखेरीस सर्वोत्तम नवोदिताचा पुरस्कारही त्यालाच मिळाला.

आणि २०२५ च्या मास्टर्समध्ये पहिल्या दिवशी त्याने ९० फटके मारले (गोल्फमध्ये जितके कमी तितकं चांगलं)! दुसऱ्या दिवशी ७१. अर्थात कट, म्हणजे शेवटच्या दोन दिवसांचा प्रवेश, हुकलाच. अशा पडत्या काळात २०२६ अखेरपर्यंतचं कार्ड खिशात असणं म्हणजे काय, ते कार्ड नसलेल्या व्यावसायिकाला विचारा.