शिंगं हवीत, कवटी नको: करवत लावण्याआधी काय ठरवायचं

प्रश्न थोडक्यात असा: परवान्यावर मिळालेल्या पांढऱ्या शेपटीच्या नर हरणाचं डोकं दहा फाट्यांच्या शिंगांसकट फ्रीझरमध्ये आहे. घरच्यांना रिकाम्या डोळ्यांची कवटी बैठकीत नको आहे आणि ढालीसारख्या फळीवर ठोकलेली जुन्या पद्धतीची शिंगंही नकोत. मग दुसरं काय करता येईल?

करण्यासारखं बरंच आहे. पण करवतीचा एक चुकीचा काप गेला की त्यातलं निम्मं हातचं जातं, म्हणून आधी क्रमाबद्दल लिहितो.

शिंगांची अधिकृत नोंद करायचा थोडाही विचार असेल, तर दोन्ही शिंगांना जोडणारं कवटीचं हाड अखंडच ठेवा. अशा नोंदी ठेवणाऱ्या अमेरिकेतल्या बून अँड क्रॉकेट क्लबच्या पद्धतीत आतला घेर, म्हणजे दोन शिंगांच्या मधलं आतलं अंतर, मोजतात. कवटी मधोमध चिरलेली असेल तर तो घेर खरा होता की जोडताना वाढवला, हे कळायला मार्ग नसतो. त्यामुळे अशी शिंगं नोंदीला घेत नाहीत. शिवाय अधिकृत मोजमापाआधी शिंगं साध्या खोलीच्या हवेत ६० दिवस वाळलेली असावी लागतात, कारण वाळताना ती आकसतात. नोंद करायची नसली तरी दोन टोकांमधलं अंतर, आतला घेर आणि प्रत्येक बुडाचा परीघ लिहून ठेवा. पुढे शिंगं वेगळी करून पुन्हा बसवायची झाली, तर कोन जुळवायला हेच आकडे लागतात.

घरच्या या मोजमापानंतर त्रिमितीय स्कॅन करा, तेही कापण्याआधीच. फोनमधला लेझर स्कॅनर खोली मोजायला ठीक आहे, पण शिंगावरच्या बारीक खाचा आणि गाठी त्याला पकडता येत नाहीत. साध्या फोटोंवरून आकार बांधणारं सॉफ्टवेअर यासाठी कितीतरी चांगलं. शिंगं एका जागी स्थिर ठेवा आणि तुम्ही भोवती फिरा. दर दहा अंशांनी एक फोटो, म्हणजे एका फेरीला ३६. खालून, समोरून आणि वरून अशा तीन फेऱ्या करा, म्हणजे शंभरच्या आसपास फोटो होतात. शेजारच्या दोन फोटोंत दोन-तृतीयांश भाग तरी सारखा दिसला पाहिजे. उजेड ढगाळ दिवसासारखा, सावली न पाडणारा हवा. फिरत्या पाटावर शिंगं ठेवून कॅमेरा स्थिर ठेवला, तर मागची भिंत हलत नाही आणि सॉफ्टवेअर भिंतीलाच धरून बसतं. फाटे दुहेरी होण्याचं नेहमीचं कारण हेच. पाट वापरायचाच असेल तर मागे एकरंगी, कोरा कपडा लावा. घासून गुळगुळीत झालेली टोकं चमकतात आणि मॉडेलमध्ये तुटकी येतात. त्यांवर टाल्कम पावडरचा हलका थर दिला की भागतं, नंतर तो पुसता येतो. शिंगांजवळ बरोबर ३० सेंमी अंतरावर दोन खुणा असलेली पट्टी ठेवा. फोटोंवरून बनलेल्या मॉडेलला स्वतःचं माप नसतं, ते या पट्टीवरून द्यावं लागतं. मग दोऱ्याने मोजलेला बुडाचा परीघ मॉडेलशी ताडून पाहा. एक टक्का चूक किरकोळ वाटते, पण ५० सेंमी घेरात ती ५ मिमी होते.

आता काप. कवटीच्या मागून, शिंगांच्या बुडामागे तीन-चार सेंमी सोडून सुरुवात करा आणि डोळ्यांच्या खोबणींच्या मध्यातून पुढे या. बारीक दातांची करवत वापरा आणि काप एकाच पातळीत ठेवा. काप बुडाच्या फार जवळून गेला तर स्क्रूला धरायला हाड उरत नाही. मेंदूचा आणि पातळ पडद्यांचा शेवटचा कणही खरवडून काढा, बोरॅक्स (टाकणखार) चोळा आणि हवेशीर जागी पंधरा दिवस वाळू द्या. ओलं हाड ठोकळ्यात बंद केलं तर वास तर येतोच, शिवाय हाड आकसून स्क्रू सैल होतात.

उत्तर अमेरिकेत कापायच्या आधी क्रॉनिक वेस्टिंग डिसीजचे स्थानिक नियम बघा. हा हरणांचा, प्रायॉन म्हणजे बिघडलेल्या प्रथिनांमुळे होणारा आजार १९६७ साली कोलोरॅडोत प्रथम दिसला. अनेक राज्यांत बाधित भागातून अख्खं डोकं आणता येत नाही. मेंदूचा अंशही न उरलेलं, शिंगांसकट साफ हाड मात्र चालतं. उकळल्याने किंवा पेरॉक्साइडने प्रायॉन नष्ट होत नाहीत. स्टेनलेस स्टीलची हत्यारं आधी नीट घासून, मग दोन भाग घरगुती ब्लीच आणि तीन भाग पाणी अशा मिश्रणात पाच मिनिटं ठेवा. ब्लीच फक्त हत्यारांसाठी आहे, हाडाला लावू नका. ते हाडातलं कोलॅजन खातं, हाड खडूसारखं भुसभुशीत होतं आणि पुढे पिवळं पडतं.

तुमच्यासारख्या घरासाठी माझी पहिली पसंती कवटी पूर्ण लपवणाऱ्या ठोकळ्याला आहे. अक्रोडाचा किंवा ओकचा १२ × १२ सेंमीचा, ५ सेंमी जाड ठोकळा घ्या. मागून पटाशीने कोरून त्यात हाडाची चकती, म्हणजे शिंगांना जोडणारा कवटीचा कापलेला तुकडा, बसेल अशी जागा करा आणि समोर फक्त दोन शिंगांच्या बुडांपुरती भोकं ठेवा. ठोकळा दोन फाळक्यांत केला, म्हणजे शिंगांच्या वरून एक आणि खालून एक, तर चकती न कापता आत जाते. हाडाला दोन ५ मिमी भोकं पाडून बोल्ट आणि रुंद वॉशरने ती आतून आवळा. समोरून पाहिलं तर शिंगं लाकडातून उगवल्यासारखी दिसतात, हाड कुठेच दिसत नाही आणि नोंदीसाठी शिंगं जशीच्या तशी बाहेर काढता येतात. गोंद कुठेही लागत नाही, म्हणूनच मला ही पद्धत आवडते.

दुसरा मार्ग कृत्रिम कवटीचा. रेझिनची किंवा प्लास्टिकची तयार कवटी मिळते आणि तिच्यावर खरी शिंगं बसतात. रंग हवा तो देता येतो. गडद राखाडी किंवा काशाच्या छटेत ती शिल्पासारखी वाटते, मेलेल्या जनावराची आठवण देत नाही. काही कवट्यांत हाडाची चकती तशीच बसते, त्या निवडा. शिंगं सुटी करून बसवायची असतील (आपोआप गळलेल्या जोडीला दुसरा उपाय नाही), तर शिंगाच्या बुडात आधी ३ मिमीचं, मग ६ मिमीचं भोक ४ सेंमी खोल पाडा. ड्रिल हळू फिरवा, कारण वेगात हाड जळतं आणि भोकाच्या जळक्या भिंतीला एपॉक्सी (दोन भाग मिसळून घट्ट होणारा गोंद) नीट धरत नाही. त्यात ६ मिमीचा आट्यांचा रॉड एपॉक्सीने पक्का करा. पाच मिनिटांत घट्ट होणारं एपॉक्सी घेऊ नका, कोन जुळवायला अर्धा तास तरी हवा. शिवाय नुसत्या एका रॉडवर शिंग हळूहळू स्वतःभोवती फिरतं आणि वर्षभरात जोडी वाकडी दिसू लागते. शेजारी ३ मिमीची एक छोटी पिन घाला, मग ते हलत नाही. कवटीच्या आतून रॉडला नट लावा, तिथे चिकटवू नका. सांधा एपॉक्सी पुट्टीने भरून ओली असतानाच टूथब्रशने खरखरीत केला की बुडाच्या गाठींत मिसळून जातो.

मूळ शिंगं पेटीत जपून भिंतीवर नक्कल लावायची असेल तर वर केलेला स्कॅन त्रिमितीय प्रिंटरवर छापता येतो. प्रत्येक शिंगाचे दोन-तीन तुकडे करा आणि सांध्यात ६ मिमीचा स्टीलचा रॉड घाला. फाटे उभे छापले तर थरांवर पटकन तुटतात, म्हणून तुकडा ३० ते ४५ अंशांत आडवा ठेवा आणि टोकं भरीव छापा. छपाईचं नेहमीचं प्लास्टिक, पीएलए, साधारण ६० अंश सेल्सिअसला मऊ पडतं, त्यामुळे खिडकीतल्या कडक उन्हात ते वाकतं. तिथे पीईटीजी हे जास्त उष्णता सोसणारं प्लास्टिक घ्या. रंगात बहुतेक जण सगळीकडे सारखाच तपकिरी देऊन नक्कल बिघडवतात. खरं शिंग झाडाच्या साली घासून, रस आणि वाळलेलं रक्त मुरून बुडाशी गडद होतं, टोकं मात्र झिजून फिकट राहतात. म्हणून आधी मळकट पांढरा रंग द्या, त्यावर पातळ तपकिरी अॅक्रेलिक फासून लगेच फडक्याने पुसा. खाचांत रंग राहतो, उंचवटे उजळ होतात.

सिलिकॉनच्या साच्यात पॉलियुरेथेन (ओतल्यावर घट्ट होणारं द्रव प्लास्टिक) ओतूनही नक्कल होते आणि पृष्ठभाग छपाईपेक्षा सरस येतो, पण एकाच प्रतीसाठी एवढा खटाटोप परवडत नाही. प्लॅटिनम प्रकारचं सिलिकॉन असेल तर साच्याला टेकू देताना गंधक असलेली शिल्पकामाची माती वापरू नका. तिला लागलेला भाग कधीच घट्ट होत नाही.

दिवे, दारांच्या मुठी, खुंट्या यांसाठी ही जोडी कापू नका. त्यासाठी तुटकी, बेजोड, गळलेली शिंगं चांगली. मुठीसाठी ८ ते १० मिमीच्या चकत्या काढा आणि मधला सच्छिद्र गाभा पातळ सुपरग्लूने भरून घ्या, नाहीतर स्क्रू धरत नाही. शिंगाची धूळ हाडाचीच असते, ती फुप्फुसात जाऊ देऊ नका. ओलं करून घासा आणि एन-९५ मास्क लावा.

एक फरक सांगायलाच हवा, कारण मराठीत दोन्हींना आपण शिंगच म्हणतो. हरणाचं दरवर्षी गळणारं फाटेदार शिंग भरीव हाड असतं. काळवीट, गवा, रानमेंढा यांचं शिंग म्हणजे हाडाच्या खुंट्यावरचं नखासारख्या द्रव्याचं आवरण. ते कुजवून खुंट्यावरून काढता येतं आणि हलक्या कृत्रिम गाभ्यावर पुन्हा चढवता येतं. तिथली कृती इथे वापरू नका.

काहीही बनवलं तरी ते पोकळ भिंतीच्या जिप्सम बोर्डात नको, आतल्या उभ्या लाकडात स्क्रू लावून टांगा. वापिटीची (उत्तर अमेरिकेतलं मोठं हरण, एल्क) मोठी जोडी १५ किलोच्या पुढे जाऊ शकते. थेट ऊन आणि शेकोटीच्या वरची जागा टाळा. उन्हाने शिंगं फिकी पडतात आणि कोरड्या उष्णतेने तडकतात. फिकी पडलीच तर पोटॅशियम परमँगनेटच्या पातळ द्रावणाचा हात द्या. लावताना जांभळं दिसतं, वाळताना तपकिरी होतं. एक हात देऊन दुसऱ्या दिवसापर्यंत थांबा, गरज वाटली तरच दुसरा द्या.

तुमचं डोकं अजून फ्रीझरमध्ये आहे, हे उत्तम. बाहेर काढाल तेव्हा डोकं जाड पिशवीत गुंडाळलेलंच ठेवा आणि शिंगं उघडी. शिंगांवरचं दव तासाभरात वाळतं, तोवर आतलं मांस गोठलेलंच असतं. तेवढ्या वेळात मापं आणि फोटो उरका. ओल्या शिंगांचे फोटो काढू नका, चमकेमुळे स्कॅन फुकट जातो.